वाटप संपल्यावर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ४५ फुटांची धोका पातळी मागे टाकून ५७ फूट गाठले. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची रेघ ओलांडून ५५ फुटांच्या वर गेली. शिरोळ तालुक्यातल्या गावांना पाण्यानं चहूबाजूंनी वेढलं होतं, पुणे-बंगळुरू महामार्ग बंद होता, आणि त्याच आठवड्यात एक शासन निर्णय लोकांच्या मोबाइलवर फिरायला लागला. क्षेत्र दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्यात बुडालेलं असेल, तर तिथल्या कुटुंबाला दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ मोफत मिळतील, असं त्यात म्हटलं होतं. लोक भडकले. गच्चीवर अडकलेल्या माणसानं घड्याळ लावून बसायचं का, असं जो तो विचारू लागला. टीका झाली, खुलासे झाले, मदतीच्या रकमा वाढल्या आणि तो कागद मागे पडला.

या पुस्तकाचा विषय वाचकापुढे ठेवताना मला त्या कागदापासूनच सुरुवात करावीशी वाटते. कारण ‘दोन दिवस’ ही अट त्या रात्री कुणा कारकुनाच्या डोक्यातून निघालेली नव्हती. आपत्ती प्रतिसाद निधीचे जे निकष केंद्र सरकार ठरवतं, त्यांत ती आधीपासून आहे. घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली राहिलं, तरच कपड्यांसाठी आणि भांड्यांसाठी मदत द्यायची, असा तो नियम. २०१९ साली या मदतीचा दर प्रत्येक कुटुंबामागे कपड्यांना १,८०० रुपये आणि भांडीकुंडी व घरगुती सामानाला २,००० रुपये असा होता. २०२२ पासून दोन्हींना अडीच-अडीच हजार झाला. नियम करणाऱ्याचीही एक अडचण असते, ती समजून घ्यायला हवी. त्याला हजारो घरांना एकाच वेळी लागू पडेल, तलाठ्याला तपासता येईल आणि पुढे लेखापरीक्षणात टिकेल असं काहीतरी हवं असतं. पाणी किती तास होतं हे मोजता येतं. त्या तासांत पाण्यानं घराचं काय केलं हे मोजणं अवघड, म्हणून ते सोडून दिलं जातं. पांढऱ्या मातीच्या भिंतींचं घर सहा तासांत खचतं. शेजारच्या स्लॅबच्या घरात पाणी चार दिवस राहिलं तरी माळ्यावर नेलेलं धान्य कोरडं राहू शकतं. निकषाच्या लेखी दुसरं कुटुंब जास्त पूरग्रस्त.

विस्थापित पूरग्रस्तांना दिलेला निवारा आणि घरगुती सामान यांचं मूल्यमापन कसं करावं, हा प्रश्न इथून सुरू होतो. तो कोरडा वाटतो हे मला ठाऊक आहे. पुराच्या बातम्यांत बोट असते, जवान असतात, हेलिकॉप्टर असतं. मूल्यमापनात तक्ते असतात. शिवाय आपल्याकडे मूल्यमापन म्हटलं की लोकांना चौकशी आठवते. गैरव्यवहार झाला का, एवढाच प्रश्न त्यांना त्यात दिसतो. हिशेब तपासणं गरजेचंच आहे, पण पैसा नेमका योग्य ठिकाणी पोहोचूनही मदत फसू शकते. पंचनामा किती नुकसान झालं ते सांगतो, हिशेब किती खर्च झाला ते सांगतो. त्या खर्चानं त्या नुकसानीचं काय केलं, कुटुंब आपल्या घरात परत कधी निजलं, स्वतःच्या चुलीवर पुन्हा कधी जेवलं, हे दोन्हींपैकी कुठल्याच कागदावर येत नाही.

जगात या कामाला शिस्त आली तीही एका मोठ्या अपयशानंतर. १९९४ च्या रवांडातल्या नरसंहारानंतर निर्वासितांच्या छावण्यांमध्ये मदतसंस्थांची झुंबड उडाली आणि तरीही माणसं पटकी-अतिसारानं मेली. अनेक देशांनी मिळून त्या मदतीचं जे मूल्यमापन केलं, ते १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं आणि पुढल्याच वर्षी ‘स्फिअर’ या नावानं किमान मानकं ठरवण्याचा प्रकल्प सुरू झाला. आपल्याकडे आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये आला. त्याच्या कलम १२ मध्ये मदतछावण्यांतल्या निवारा, अन्न, पाणी, आरोग्य यांची किमान मानकं ठरवण्याची जबाबदारी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर टाकलेली आहे. प्राधिकरणानं ती ठरवलीही. माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा, तीस माणसांमागे एक शौचालय, बायकांसाठी वेगळी सोय, प्रौढांना दिवसाला २,४०० उष्मांक मिळतील एवढं जेवण. हे आकडे गावोगावच्या सरपंचांना पाठ असायला हवेत असं मला वाटतं. छावणीत गैरसोय झाली तर तहसीलदारांकडे हात जोडून विनंती करावी लागते, अशी आपली समजूत आहे. कायद्याच्या दृष्टीनं ती मागणी आहे.

आकडा हातात घेऊन एका खोलीत शिरून पाहू. जिल्हा परिषदेच्या शाळेतला एखादा वर्ग सहा मीटर बाय आठ मीटर धरला, तर क्षेत्रफळ अठ्ठेचाळीस चौरस मीटर. माणशी साडेतीनच्या हिशेबानं त्यात तेरा माणसं राहू शकतात. पुराच्या रात्री त्याच वर्गात सात-आठ कुटुंबं असतात. बाकं बाहेरच्या पडवीत रचलेली, फळ्यावर सोमवारचा सुविचार तसाच, खिडकीच्या गजांना ओल्या साड्या, एका कोपऱ्यात दम्याची म्हातारी, दुसऱ्यात बाळंतीण, आणि मध्ये भिंतीला टेकून वह्यांच्या गठ्ठ्यावर डोकं ठेवलेली पोरं. पुरुष व्हरांड्यात झोपतात, त्यामुळे जागा मोजताना व्हरांडा धरायचा की नाही, असा वाद होतो. शौचालयं शाळेची, म्हणजे लहान मुलांच्या मापाची. त्यांच्या पाण्याची टाकी गावातल्या विजेवर चालणारी, आणि वीज पहिल्याच दिवशी गेलेली. बायका अंधार पडेपर्यंत थांबतात, म्हणून दुपारनंतर पाणीच पीत नाहीत. छावणीत पाणी पुरेसं होतं का, या प्रश्नाला त्या ‘हो’ म्हणतील, आणि ते उत्तर खरंच असेल.

पहिल्या दोन रात्री कुणी साडेतीन चौरस मीटर मोजत बसू नये. तेव्हा छत आणि कोरडी जमीन हीच मोठी गोष्ट. पण पाचव्या रात्रीही तीच दाटी असेल, तर ती नोंदवलीच पाहिजे, आणि आपले बहुतेक अहवाल पहिल्या रात्रीचं आणि पाचव्या रात्रीचं वर्णन एकाच वाक्यात करतात: ‘पूरग्रस्तांची राहण्याची व भोजनाची व्यवस्था करण्यात आली.’ शाळेला निवारा म्हणून आणखी एक मर्यादा आहे. ती पुन्हा शाळा व्हायची असते. २०१९ चा पूर नागपंचमीच्या सुमारास चढला. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन होतं आणि दोन सप्टेंबरला गणपती. घरातला चिखल निघालेला नसतानाही सण आला म्हणून, शाळा भरायची म्हणून किंवा छावणीतलं स्वयंपाकघर बंद झालं म्हणून माणसं घरी परतली. छावणी रिकामी झाली, याचा अर्थ घर राहण्याजोगं झालं, असा धरायचा नसतो. मूल्यमापन करणाऱ्यानं छावणी बंद झाल्याची तारीख जरूर टिपावी, पण ती कुणाच्या सोयीनं बंद झाली हेही विचारावं.

आता छावणीत न आलेल्या माणसांकडे वळतो. मला वाटतं, आपल्या भागातल्या पुराच्या मदतीचा अभ्यास सगळ्यात जास्त इथेच कमी पडतो. कृष्णा-पंचगंगेच्या काठची माणसं पाणी चढायला लागलं की आधी पाहुण्यांकडे जातात. लेकीच्या सासरी, बहिणीकडे, मावसभावाकडे, वरच्या अंगाच्या गावात. जिल्हा प्रशासनाच्या रोजच्या पूर-अहवालांतही नातेवाइकांकडे स्थलांतरित झालेल्यांचा उल्लेख असतो, आणि हा आकडा लहान नसतो. पण मदतीचा टेम्पो छावणीकडे वळतो, कारण छावणी दिसते. दोन खोल्यांच्या घरात अचानक अकरा माणसं झाली, तर त्या घरातलं रेशन आठ दिवसांत संपतं. सरपण संपतं, गॅस संपतो, आणि पाहुणचाराचा संकोच दोन्ही बाजूंनी वाढत जातो. सून माहेरच्या माणसांना किती दिवस जेवू घालते आहे, याचा हिशेब त्या घरात कुणीतरी मनात ठेवत असतंच. या यजमान घराला कुणी पाच किलो तूरडाळ दिली, तर तो आपत्कालीन निवाऱ्यावरचाच खर्च आहे आणि तो शाळेतल्या छावणीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. तरी ते घर कुठल्याच यादीत नसतं, कारण पाणी त्याच्या उंबऱ्याला लागलेलं नाही.

यादीचा प्रश्न आलाच आहे, तर कुटुंब म्हणजे काय, हेही इथेच उरकावं. शासकीय मदतीत कुटुंब म्हणजे बहुधा एक रेशनकार्ड. गावात एका कार्डावर तीन भावांचे तीन संसार असतात, तीन चुली, तीन दारं. २०१९ मध्ये ग्रामीण कुटुंबाला १० हजार आणि शहरी कुटुंबाला १५ हजार रुपये सानुग्रह मदत जाहीर झाली. त्यातले पाच हजार रोख आणि उरलेले बँकेत. कार्ड एक असेल, तर रक्कम एका भावाच्या खात्यात गेली. पुढे काय झालं ते प्रत्येक घरानुसार वेगळं. भाडेकरूंचं तर विचारूच नका. सांगली-कोल्हापूर शहरांच्या पूररेषेत राहणाऱ्यांत भाड्याच्या खोल्यांत संसार करणारे कितीतरी. खोली मालकाची, त्यामुळे पडझडीची मदत त्याला. भिजलेली गादी, शिलाई मशीन, मुलांची पुस्तकं भाडेकरूची, आणि त्याचं कार्ड मात्र मूळ गावचं. एकट्या राहणाऱ्या विधवा, दिराच्या कार्डावर नाव असलेल्या बाया, नदीकाठी पालं ठोकून राहिलेली भटकी कुटुंबं या सगळ्यांपर्यंत मदत पोहोचली का, हे वाटपाची यादी पाहून कधीच कळत नाही, कारण ही माणसं यादीतच नसतात. यादीबाहेर राहिलेल्यांचा शोध ज्या अहवालात नाही, त्याला मी मूल्यमापन म्हणणार नाही.

आणि जनावरं. शहरातून आलेल्या स्वयंसेवकांना सुरुवातीला हे नवल वाटतं, की माणूस छातीभर पाण्यात उभा राहतो, पण म्हशी सोडून बोटीत बसत नाही. यात हट्ट आहे तसा हिशेबही आहे. दुभती म्हैस म्हणजे दर दहा दिवसांचं दुधाचं बिल, म्हणजे सोसायटीचा हप्ता, म्हणजे मुलीच्या कॉलेजची फी. ती सोडून निघणं म्हणजे पुढचं वर्षभर उपाशी राहायला निघणं. माणसं शेवटपर्यंत थांबतात आणि मग एकदम घाईनं बाहेर पडतात. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये ८ ऑगस्ट २०१९ रोजी दाटीवाटीनं भरलेली बोट उलटली आणि गावातली माणसं, त्यांत बाया आणि लेकरं, डोळ्यांदेखत गेली. त्या दुर्घटनेची कारणं एकापेक्षा जास्त आहेत, पण बाहेर पडण्याची वेळ निवारा ठरवतो, एवढं त्यातून निश्चित शिकता येतं. जनावरांना उंचावर जागा, वर ताडपत्री, खाली मुरूम आणि वाड्या-वैरणीची सोय आहे हे आधी माहीत असेल, तर माणसं पाणी पायरीला लागायच्या आत निघतात. २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा पुन्हा ५६ फुटांपर्यंत गेली, तेव्हा आदल्या पुराच्या धास्तीनं बऱ्याच गावांनी जनावरांसह लवकर घर सोडलं. गोठ्याचा प्रश्न माणसांच्या निवाऱ्याच्या प्रकरणात घ्यायचा की पशुसंवर्धनाच्या, यावर अहवाल लिहिणारे अडून बसतात. तो पहिल्याच प्रकरणात घ्यावा.

सामानाविषयी लिहायला बसलं तर हात थांबत नाही. बाहेरून येणाऱ्या मदतीत चांगुलपणा किती असतो आणि अंदाज किती कमी असतो, हे या एका विषयात लख्ख दिसतं. २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये आणि २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीतूनही ‘कृपया जुने कपडे पाठवू नका’ अशी आवाहनं करावी लागली. गाळानं भरलेल्या घरासमोर बसलेल्या बाईला कुणाची तरी भरजरी साडी मिळते आणि अंतर्वस्त्रं, टॉवेल, चपला, सॅनिटरी पॅड यांपैकी काही मिळत नाही. बिस्किटांच्या पुड्यांचं तसंच. पहिल्या दिवशी ते सोन्याच्या मोलाचे, सहाव्या दिवशी पोरंही त्यांना हात लावत नाहीत.

भांड्यांचा संच हे त्याहून बारीक प्रकरण आहे. आंतरराष्ट्रीय मदतीच्या प्रमाणित संचात दोन पातेली, एक उथळ तळणी, ताटल्या, वाट्या, पेले, चमचे, सुरी असा ऐवज असतो. संच विचार करून बनवलेला आहे, पाच माणसांना पुरतो, पत्रा चांगला असतो. पण दक्षिण महाराष्ट्रातल्या बाईला भाकरी थापायला परात लागते आणि भाजायला तवा. भाताला पातेलं चालतं; भाकरीला त्यातलं काहीच चालत नाही. ज्या संस्थांनी वाटपाआधी गावातल्या चार बायकांना विचारलं, त्यांच्या संचात परात, तवा, उलथनं आणि पाण्याची कळशी आली. बाकीच्यांच्या संचातली सुरी आणि पेले वापरात राहिले, तळणी माळ्यावर गेली. मूल्यमापनाला आलेल्या माणसानं ‘संच मिळाला का?’ असं न विचारता, चूल कुठे आहे ते पाहावं आणि तिच्याजवळ कोणती भांडी आहेत ते बघावं. दिलेल्या वस्तूंपैकी काय विकलं, हेही विचारावं. मात्र दरडावून नव्हे. विकणं हा गुन्हा नाही. दोन ब्लँकेटं विकून कुणी गॅसची शेगडी दुरुस्त केली असेल, तर ब्लँकेटं जास्त झाली होती आणि शेगडी कमी पडली होती, एवढीच ती माहिती असते आणि ती फार मोलाची असते.

पाणी उतरल्यानंतर लागणाऱ्या वस्तू तर कुणाच्याच यादीत नसतात. खराटा, फावडं, घमेलं, ब्लीचिंग पावडर, गमबूट, विहिरीतला गाळ उपसायला पंप. चिखल ओला आहे तोवर निघतो; दोन दिवस ऊन पडलं की तो फरशीला असा धरतो की छिन्नी लागते. या टप्प्यावर शंभर किट वाटण्यापेक्षा वॉर्डातली वीस घरं धुऊन देणारी तरुणांची टोळी जास्त उपयोगी पडते. २०१८ च्या पुरानंतर केरळमध्ये कुटुंबश्री बचतगटांच्या बायकांनी घरं आणि सार्वजनिक इमारती साफ करण्याचं काम संघटितपणे अंगावर घेतलं होतं. त्या श्रमाची किंमत मदतीच्या कुठल्या रकान्यात मांडायची, याचं उत्तर अजून नीट बसलेलं नाही. पुढच्या पानांत त्याचा प्रयत्न दिसेल.

घराच्या पडझडीचा मुद्दा सगळ्यांत वादाचा. २०१९ च्या केंद्रीय निकषांनुसार सपाट भागातलं पूर्ण पडलेलं किंवा फार मोठी हानी झालेलं घर असेल, तर ९५,१०० रुपये. अंशतः पडलेलं, म्हणजे किमान पंधरा टक्के हानी झालेलं असेल, तर पक्क्या घराला ५,२०० आणि कच्च्या घराला ३,२००. राज्य सरकारनं वेळोवेळी त्यात आपली भर घातली आहे. तरी पायऱ्या पाहा. ‘मोठी हानी’ आणि ‘अंशतः हानी’ यांच्यामधल्या रेषेची किंमत नव्वद हजार रुपये, आणि ती रेष ओढायची तलाठी, ग्रामसेवक आणि फार तर एखाद्या कनिष्ठ अभियंत्यानं, दिवसाला पन्नास घरं बघत, मागे गाव उभं असताना. त्यांच्यावर येणारा दबाव बाहेरच्या माणसाला कळणार नाही. शिवाय मातीच्या घराची एक खोड आहे. ते पाण्यात असताना बऱ्याचदा उभं राहतं आणि पाणी उतरून ऊन लागलं की फाटतं. भिंतीचा पाया भिजून फुगलेला असतो. वाळताना तो आकसतो, वरचं ओझं तिरकं होतं, आणि पंचनाम्यात ‘अंशतः’ म्हणून लिहिलेलं घर आठ-पंधरा दिवसांनी रात्रीतून बसतं. फेरपंचनाम्याचा अर्ज कुठे करायचा हे घरमालकाला ठाऊक नसतं, आणि ठाऊक असलं तरी मुदत संपलेली असते. मातीच्या घरांचा पंचनामा दोनदा व्हावा, एक पाणी उतरल्यावर आणि एक भिंती वाळल्यावर, ही मागणी एवढी साधी आहे की ती अजून नियमात कशी आली नाही याचंच आश्चर्य वाटतं.

रोख रकमेबद्दल मी थोडक्यात आटोपतो, कारण तिच्यावर आता बरंच लिहिलं जातं. रोख पैसा माणसाला निवड देतो, मान राखतो, वाहतुकीचा खर्च वाचवतो. हे सगळं खरं, बाजार सुरू असेल तर. सांगलीची बाजारपेठच पाण्यात होती, एटीएम बंद होती, तेव्हा खिशातल्या पाच हजारांनी मेणबत्तीही मिळत नव्हती. तीन आठवड्यांनी तेच पाच हजार कुठल्याही संचापेक्षा जास्त कामाचे ठरले. आधी वस्तू, मग रोख, मग बांधकामाला मदत, असा क्रम बहुतेक ठिकाणी बसतो. अडचण एवढीच, की वस्तू देणारे उशिरापर्यंत येत राहतात आणि रोख देणारे कागदपत्रांसाठी थांबतात. तोवर बचतगटाचा आणि मायक्रोफायनान्सचा हप्ता चुकलेला असतो. पूर ओसरल्यानंतरच्या तीन महिन्यांत कुटुंबानं कुणाकडून, किती टक्क्यांनी, कशासाठी पैसे उचलले, हा माझ्या मते मदत पुरली की नाही याचा सगळ्यांत खरा पुरावा आहे. तो विचारायला जीभ अडखळते, म्हणून बहुतेक प्रश्नावल्यांत तो नसतो.

‘तात्पुरता निवारा’ या शब्दांवर विसंबू नये, हे महाराष्ट्राला पुण्यानं शिकवलेलं आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. हजारो कुटुंबं आधी शाळांत-मंडपांत, मग अर्धगोल पत्र्याच्या निसेन हटमध्ये आणि मग शहराच्या कडेला नव्यानं वसवलेल्या वसाहतींत गेली. पुनर्वसनाची सूत्रं प्रशासक स. गो. बर्वे यांच्याकडे आली आणि काम झपाट्यानं झालं, असं त्या काळचे लोक सांगत आले आहेत. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर ही नावं आज पुण्याच्या मध्यवस्तीतली वाटतात. तेव्हा ती पूरग्रस्तांची होती. एका वर्षानंतर या कामाचं मूल्यमापन केलं असतं, तर शेरा उत्तम पडला असता. पण त्या सोसायट्यांच्या जमिनीच्या मालकीचा प्रश्न पुढे अर्धशतकाहून जास्त रेंगाळला. ज्यांनी पूर पाहिला ती माणसं गेली, मुलं म्हातारी झाली, आणि तिसरी पिढी वाढीव बांधकामाच्या नि मालकी हक्काच्या कागदांसाठी कचेऱ्यांत खेटे घालत राहिली. शेरा कधी मारायचा, हा प्रश्न पानशेतनंतर सोपा राहत नाही.

उलट बाजूचं उदाहरण कोल्हापूरजवळच आहे. १९८९ च्या पुरानंतर करवीर तालुक्यातल्या चिखली आणि आंबेवाडी या गावांसाठी सोनतळीला उंचावर जागा देण्यात आली. तरीही मूळ गावं उठली नाहीत. शेत नदीकाठी, गोठा नदीकाठी, देव नदीकाठी. प्लॉट मात्र सोनतळीला. २०१९ मध्ये आणि २०२१ मध्येही या गावांची नावं बातम्यांत आली. लोकांना जागा देऊनही ते जात नाहीत, अशी तक्रार अधिकाऱ्यांकडून ऐकू येते. ती खरी आहे आणि अपुरीही. वाढलेल्या कुटुंबांना प्लॉट किती, जनावरांना जागा किती, शेतापर्यंत रोजचा हेलपाटा किती, हे सगळं मांडल्याशिवाय त्या तक्रारीचा न्याय करता येत नाही. दरड कोसळून उद्ध्वस्त झालेल्या महाडजवळच्या तळिये गावात २०२१ नंतर माणसं कंटेनरच्या घरांत राहिली. कोकणातल्या पावसाळ्यात तो निवारा होता, एप्रिल-मेच्या उकाड्यात ती शिक्षा होती. मूल्यमापनाला जाणारी माणसं सहसा दिवाळीच्या सुमारास जातात, हवा चांगली असते. त्यांनी मे महिन्यात दुपारी दोन वाजता जावं.

काही वाचकांना प्रश्न पडेल की हा सगळा खटाटोप कशासाठी, पूर तर धरणांच्या नियोजनातून येतो, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून येतो, नदीपात्रातल्या अतिक्रमणातून येतो. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या कारणांचा अभ्यास केला, त्यावर रास्त वादही झाले. ते व्हायलाच हवेत. पण मधल्या काळात दर दोन-चार वर्षांनी माणसं घराबाहेर पडताहेतच. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीना नदीनं सोलापूर आणि धाराशिवकडच्या, ज्यांना आपण दुष्काळी म्हणून ओळखतो अशा गावांना घेरलं. ज्या भागात चारा छावण्यांचा अनुभव पिढीजात आहे, तिथे पूरछावणी कशी चालवायची हे कुणाला माहीत नव्हतं. कोल्हापूरच्या २०१९ च्या अनुभवाची एखादी पन्नास पानी, स्पष्ट भाषेतली नोंद माढा किंवा परांड्याच्या तहसील कचेरीत असती, तर निदान परात आणि फावडं यांवर वेळ गेला नसता. अशा नोंदी आपण करतो, पण त्या निधी देणाऱ्याला दाखवण्यासाठी, इंग्रजीत, रंगीत फोटो घालून. त्यात वाटप करणारा आणि तपासणारा बहुधा एकच असतो. धान्याच्या पिशव्यांवर नेत्यांचे फोटो चिकटवल्याबद्दल २०१९ मध्ये मोठा गदारोळ झाला आणि तो योग्यच होता. पण पूरग्रस्ताच्या हातात किट देऊन त्याला कॅमेऱ्याकडे बघायला लावणं ही आपल्यापैकी पुष्कळ संस्थांची रोजची रीत आहे, हेही या निमित्तानं बोललं पाहिजे. फोटो काढून घेतलेल्या माणसाला तुम्ही सहा महिन्यांनी मदतीबद्दल मत विचारलंत, तर तो हात जोडूनच उत्तर देणार.

हे पुस्तक तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, बचतगटांच्या कार्यकर्त्या, समाजकार्याचे विद्यार्थी आणि गणेश मंडळांच्या तरुणांसाठी आहे. पुराच्या पहिल्या रात्री प्रत्यक्षात धावतात ती हीच माणसं, आणि पुढची नोंदही त्यांनीच करावी अशी त्यामागची भूमिका आहे. कुठल्या आठवड्यात कुणाला काय विचारायचं, घरात काय बघायचं, यादीबाहेरच्या घरांचा माग कसा काढायचा, हे त्यात पायरीपायरीनं आहे. माझी एकच भर. अहवाल पुरा झाला की तो जिल्ह्याला पाठवण्याआधी मे महिन्याच्या ग्रामसभेत मोठ्यानं वाचावा, नावांसकट नव्हे, पण वाड्या-वस्त्यांसकट. कोणती गल्ली सुटली, कुणाच्या गोठ्याला जागा नव्हती, कोणत्या शाळेचं शौचालय बंद होतं, हे लोक तिथल्या तिथे दुरुस्त करतील. भांडणंही होतील. जूनमध्ये पाऊस सुरू होण्याआधी शाळेच्या टाकीला जनरेटरची जोडणी द्यायची की नाही, हे त्याच सभेत ठरवता येईल.